खराब रस्ते, लांबची राईड आणि सायकलची निवड

ड्रॉप हँडलची (खाली वळलेल्या हँडलची), वेगाने पळणारी सायकल हवी आहे, पण रोजचा रस्ता फुटक्या डांबराचा आहे आणि शंभर किलोमीटरनंतर अंग दुखतं, अशी तक्रार करणारी बरीच पत्रं आली आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे ॲल्युमिनिअमची रेसिंग सायकल आहे, टायर २५ मिमीचे. ८० ते १२० किलोमीटरच्या राईडनंतर मान आणि मनगटं भरून येतात. ‘कार्बन हादरे शोषून घेतं’ असं सगळे सांगतात. फ्रेम कार्बनची घेतली तर त्रास थांबेल का?

बहुधा नाही. फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण, आणि त्रिकोणाची रचना उभ्या दाबाला जवळजवळ हलत नाही, मग ती कशाचीही असो. उलट ३२ मिमीचा टायर योग्य हवेवर, तुमच्या वजनाखाली, पाचेक मिलिमीटर दबलेलाच असतो आणि प्रत्येक खळग्यात आणखी दबतो. रस्ता आणि शरीर यांच्यामध्ये टायर, फ्रेम, सीटपोस्ट (सीट धरणारी दांडी), सीट, हँडल, हँडलवरची टेप एवढ्या गोष्टी येतात. त्यातली जी सर्वांत जास्त दबते, आरामाचा मोठा वाटा तीच उचलते. ती म्हणजे टायर. कार्बन फ्रेम हलकी असते, तिच्या नळ्यांना हवा तो आकार देता येतो, हे खरं. पण कार्बन फ्रेम आणि २५ मिमीचा कडक टायर यापेक्षा साधी ॲल्युमिनिअमची फ्रेम आणि ३२ मिमीचा मऊ टायर खराब रस्त्यावर कितीतरी सुसह्य.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी टायरची रुंदी आणि हवा, मग बसण्याची मापं, मग सीटपोस्ट व टेप, आणि सर्वांत शेवटी फ्रेम कशाची आहे ते.

नवी सायकल घेण्याआधी आहे त्या सायकलीत किती रुंद टायर बसतो ते तपासा. टायर पूर्ण हवेवर असताना ४ मिमीची एलन-की तीन ठिकाणी फिरवून पाहा : पुढच्या फोर्कच्या माथ्याखाली, सीटच्या नळीमागे, आणि पायडलच्या धुरीमागे चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या नळ्यांमध्ये. चावी कुठेही अडकायला नको. रिम ब्रेकची सायकल असेल तर ब्रेकच्या कमानीखालीही पाहा. रेसिंग सायकलींच्या या कमानी सहसा २५ ते २८ मिमीपर्यंतच टायर सामावतात. जागा काठोकाठ ठेवू नका. स्पोक तुटून चाक जरा वाकडं झालं किंवा टायरला चिकटलेला खडा वर गेला, तर फ्रेमचा रंगच नाही, नळीही घासली जाते.

आणखी एक. टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. रुंद रिमवर २८ चा टायर ३० मिमी भरतो. टायर चढवून एक दिवस हवेवर राहू द्या आणि मग व्हर्निअरने मोजा, कारण नवा टायर पहिल्या दिवसात थोडा ताणतो.

तुमच्या सायकलीत २८ मिमी बसत असेल तर आधी तेवढंच करून पाहा. बसत नसेल, तर नवी सायकल घ्यायला हे कारण पुरेसं आहे.

प्रश्न : रुंद टायर घेतला तर वेग कमी होणार नाही का? आणि हवा नेमकी किती भरायची? टायरवर ‘कमाल १०० पीएसआय’ (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलेलं असतं, मी तेवढी भरतो.

टायरवरचा कमाल आकडा ही सुरक्षिततेची मर्यादा आहे, शिफारस नव्हे. खराब रस्त्यावरचा निम्मा त्रास या एका गैरसमजातून येतो.

वेगाचं गणित आधी पाहू. टायर फिरताना त्याचं रबर आणि आतलं कापड सतत दबतं आणि सुटतं, त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. हवा वाढवली की हे नुकसान कमी होतं. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत, फिरत्या रुळावर (रोलरवर) चाचणी घेतली तर म्हणूनच कडक टायर जिंकतो. रस्ता मात्र रूळ नसतो. कडक टायर खड्यावरून जाताना दबत नाही, तो सायकल आणि स्वार दोघांनाही वर उचलतो. ही उचल तुमचे स्नायू, पोट, खांदे जिरवतात, आणि ती ऊर्जा पायांनीच दिलेली असते. रस्ता जितका खडबडीत, तितका हा दुसरा तोटा मोठा. त्यामुळे एका मर्यादेपुढे हवा वाढवली की सायकल जलद धावते आहे असं हाताला वाटतं, कारण कंपनं वाढतात, पण प्रत्यक्षात वेग घटतो.

टायरमधली हवा रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३२ मिमीत २५ मिमीपेक्षा दीडपटीहून जास्त हवा मावते, म्हणून रिम जमिनीला न टेकता तो कमी दाबावर चालू शकतो. आणि उलट, त्याच दाबावर रुंद टायरच्या कापडावर ताण जास्त येतो, म्हणून तो अरुंद टायरपेक्षाही कडक लागतो. ३२ चे टायर घालून जुन्या सवयीने ९० पीएसआय भरणाऱ्यांना ‘काहीच फरक नाही’ असं वाटतं ते यामुळे.

स्वार, सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि पिशवी मिळून ८५ किलो धरले, तर सुरुवात या आकड्यांपासून करा : २८ मिमीला पुढे ६५ आणि मागे ७० पीएसआय, ३२ मिमीला ५० आणि ५५, ३५ मिमीला ४२ आणि ४६, ३८ ते ४० मिमीला ३५ आणि ४०. वजनात दर पाच किलोंच्या फरकाला साधारण तीन पीएसआय वाढवा किंवा कमी करा. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून मागे थोडी अधिक हवा. रुंदी मोजून आलेली घ्या, छापलेली नाही.

मग ओळखीच्या खराब रस्त्याचा दोनेक किलोमीटरचा तुकडा निवडा आणि प्रत्येक फेरीला तीन पीएसआय कमी करत जा. हात शांत होऊ लागतील. वळणात सायकलचा मागचा भाग डुलतो आहे, उभं राहून पायडल मारताना पुढचा टायर मुरगळतो आहे, किंवा खड्ड्यात रिमचा टणक आवाज आला, तर पाच पीएसआय परत भरा. ट्यूब वापरत असाल तर याहून खाली जाऊ नका. खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशा जोडचिरा दिसल्या की समजा, पंक्चर खिळ्याने नाही, हवा कमी असल्याने झालं आहे.

पंप मोठा, उभा, मीटरवाला घ्या. दोन पंपांचे मीटर एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून आकडे नेहमी एकाच पंपाचे लिहून ठेवा. साध्या ब्युटाइल ट्यूबमधूनही आठवड्याभरात बरीच हवा जाते, तेव्हा लांबच्या राईडच्या दिवशी सकाळी मीटर लावल्याशिवाय निघू नये.

रुंदीइतकंच महत्त्व टायरच्या कापडाला. पंक्चर होऊ नये म्हणून जाड रबराचा थर बाजूंपर्यंत नेलेले टायर असतात. ते ३२ मिमीचे असूनही लवचीक कापडाच्या २८ मिमीइतके हादरे देतात. हातात घेऊन टायरची बाजू बोटांनी दुमडून पाहा, सहज दुमडली पाहिजे. लांबच्या राईडला मधला मार्ग चांगला : रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याखालीच संरक्षक थर, बाजू लवचीक. नक्षी गुळगुळीत किंवा अगदी बारीक असावी. उठावदार गाठी मोकळ्या मातीत उपयोगी पडतात, फुटक्या डांबरावर त्या नुसत्या घरघरतात.

रिमच्या कडेला टायर अडकवायची आकडी नसेल, म्हणजे रिम हुकलेस असेल, तर ५ बार म्हणजे सुमारे ७२ पीएसआय ही कमाल मर्यादा काटेकोर पाळा, आणि अशा रिमसाठी मान्य असलेलाच टायर घाला. ८५ किलोंपेक्षा बराच जास्त भार आणि २८ मिमीचा टायर असं जमवायचं असेल तर हुकलेस रिम टाळा.

प्रश्न : एन्ड्युरन्स रोड बाईक, ग्रॅव्हल बाईक आणि हायब्रिड यांतली कोणती घ्यावी? माझ्या वाटेवर पाऊण भाग डांबर आहे, तेही उखडलेलं, बाकी खडी.

तुमच्या वर्णनाला एन्ड्युरन्स प्रकार (लांब पल्ल्यासाठी सैल बसणीची रोड बाईक) जुळतो, एक अट घालून : तिच्यात ३५ मिमीचा टायर बसलाच पाहिजे. ‘एन्ड्युरन्स’ हे नाव २८ मिमीवर थांबणाऱ्या सायकलींवरही दिसतं आणि ३८ मिमी घेणाऱ्या सायकलींवरही. म्हणून नाव बाजूला ठेवून माहितीपत्रकातला टायरच्या कमाल रुंदीचा आकडा आधी वाचा. मडगार्ड लावणार असाल तर तो आकडा आणखी खाली येतो. ३५ मिमीची जागा मडगार्डसह हवी, तर कंपनीने तसं वेगळं लिहिलेलं असावं.

खडी वाटेच्या निम्म्याहून जास्त असती तर उत्तर ग्रॅव्हल असतं. तिच्यात ४० ते ५० मिमी टायर बसतात, दोन चाकांमधलं अंतर जास्त असतं, हँडलचा प्रतिसाद संथ असतो आणि गिअर हलके. त्यामुळे मोकळ्या खडीवर ती स्थिर राहते. डांबरावर मात्र गटाबरोबर वेगाने जाताना काहींना ती आळशी वाटते. दोन्हींच्या मध्ये मन अडकलं असेल तर ग्रॅव्हल घेऊन तिला ३८ मिमीचे गुळगुळीत टायर लावणं हा शहाणपणाचा पर्याय आहे, कारण रुंद जागेत अरुंद टायर बसतो, अरुंद जागेत रुंद नाही.

हायब्रिड दोन तासांपर्यंत ठीक. सरळ हँडलवर हात ठेवायला एकच जागा असते आणि पाच-सहा तास मनगट त्याच कोनात राहतं. ड्रॉप हँडलवर ब्रेकच्या मुठी, वरचा आडवा भाग आणि खालचा वाक अशा तीन जागा मिळतात. स्वस्त हायब्रिडचे स्प्रिंगचे फोर्क तर टाळाच. ते जड असतात आणि बारीक, वेगवान कंपनांना हलतच नाहीत. लांबच्या राईडला माणूस थकतो तो याच कंपनांनी.

बसण्याची पद्धत ओळखायला स्टॅक आणि रीच हे दोन आकडे पाहा. पायडलच्या धुरीच्या मध्यापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. स्टॅकला रीचने भागा. १.४५ च्या खाली उत्तर आलं तर सायकल शर्यतीच्या वळणाची, १.५ च्या वर आलं तर सैल बसणीची. उदाहरणार्थ ५९० भागिले ३८० म्हणजे १.५५, ही लांब पल्ल्याची सायकल. छोट्या मापांत हा भागाकार जरा खाली येतो, तेव्हा तुलना एकाच मापाच्या सायकलींची करा.

काही सायकलींत हादरे कमी करणारी खास यंत्रणा असते. स्पेशलाइज्डच्या रूबेमध्ये स्टेमखाली (हँडलला फोर्कशी जोडणाऱ्या तुकड्याखाली) २० मिमी हालचाल देणारी फ्यूचर शॉक असते. ट्रेकच्या डोमानेमध्ये सीटची नळी थोडी मागे झुकू देणारी आयसोस्पीड २०१२ पासून आहे. दोन्ही खरोखर काम करतात. पण डोमानेच्या २०२२ मधल्या चौथ्या पिढीत पुढची, म्हणजे हँडलकडची, आयसोस्पीड काढून टाकली आणि ३८ मिमी टायरची जागा कायम ठेवली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. यंत्रणा असलेली सायकल घ्याल तर तिचे सुटे भाग आणि ती उघडू शकणारा मेकॅनिक मिळेल याची खात्री करा. नाहीतर रुंद टायरची साधी सायकल बरी.

प्रश्न : तीन तासांनंतर करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. जेलचे हातमोजे घेतले, उपयोग नाही.

तळहाताच्या करंगळीकडच्या टाचेतून अल्नर नस जाते, तिच्यावर सतत भार आला की नेमकी हीच दोन बोटं मुंग्या धरतात. मोज्यांनी भार थोडा पसरतो, हटत नाही. तो हातांवर का येतो आहे ते शोधायला हवं.

सुरुवात सीटपासून. तिच्यावर सपाट पट्टी ठेवून लेव्हल लावा. टोक खाली झुकलेलं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि हात ते अडवत राहतात. सीट सपाट करा, फार तर दोन अंश खाली. मग उंची : सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा आणि कंबर एका बाजूला कलू नये. चवड्याने पायडल मारताना मग गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक उरतो. सीट फार उंच असेल तरी हातांवर भार वाढतो.

हे झाल्यावरच हँडलकडे या. स्टेमखाली रिंगा शिल्लक असतील तर हँडल १० मिमी वर घ्या, किंवा १० मिमीने आखूड स्टेम लावा. एका वेळी एकच बदल, आणि त्यावर दोन-तीन राईड. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. हँडल जवळ आणायचं म्हणून सीट पुढे सरकवणं ही सर्रास होणारी चूक आहे. शरीराचा तोल पुढे जातो, हातांवरचा भार उलट वाढतो आणि गुडघे दुखू लागतात ते वेगळंच.

ब्रेकच्या मुठी हँडलला अशा कोनात असाव्यात की हात ठेवल्यावर मनगट सरळ राहील. टेप ३ मिमी किंवा त्याहून जाड घ्या. आणि राईडमध्ये दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला, खराब पट्ट्यावर कोपरं जरा वाकवून मूठ सैल ठेवा. बधिरपणा राईडनंतर दोन दिवसांतही गेला नाही, तर सायकल थांबवून डॉक्टरांना दाखवा.

नवी सायकल घेताना एक बघून ठेवा : ब्रेकच्या नळ्या स्टेम आणि हेडसेटच्या (फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या) आतून नेलेल्या असतील तर साधा स्टेम बदलायलाही तासन्‌तास जातात. ज्यांची मापं अजून ठरलेली नाहीत, त्यांनी नळ्या बाहेरून जाणारी सायकल घ्यावी.

प्रश्न : सीट रुंद आणि मऊ घ्यावी का?

रुंदी हाडांच्या मापाची, मऊपणा बेताचा. जाड जेलमध्ये बसण्याची हाडं बुडतात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. पहिला तास छान जातो, चौथा असह्य होतो. खुर्चीवर पन्हाळी पुठ्ठा ठेवून त्यावर किंचित पुढे वाकून बसा. उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात सुमारे २० मिमी मिळवा, त्या रुंदीच्या आसपासची सीट पाहा. मध्ये खाच असलेली बहुतेकांना मानवते. पॅड सायकलच्या चड्डीत असावं, आणि तिच्या आत दुसरं अंतर्वस्त्र घालू नये, शिवण घासते.

२७.२ मिमी व्यासाचा कार्बन सीटपोस्ट, फ्रेमबाहेर भरपूर दिसत असेल तर, चांगला लवतो. जाड व्यासाचे पोस्ट तेवढे लवत नाहीत. बसवताना ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा आणि पोस्टवर लिहिलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या जोरावरच) आवळा, बहुधा तो ५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो.

प्रश्न : चढ आणि सामान दोन्ही आहेत. गिअर कोणते? ब्रेक डिस्कच घ्यावेत का?

पुढे ३४ आणि मागे ३४ दात म्हणजे पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी सुमारे ९ किलोमीटर. सामानासह लांब चढावर याहून हलका गिअर हवा असेल तर पुढे ४६-३० ची जोडी पाहा. ३०-३४ वर तेवढ्याच फेऱ्यांत वेग ८ वर येतो आणि गुडघे वाचतात. ५०-११ सारख्या जड गिअरची लांब राईडला क्वचितच गरज पडते.

डिस्क हो, मुख्यतः टायरच्या जागेसाठी. शिवाय खड्ड्यात रिम थोडी वाकली तरी ब्रेक घासत नाही. चाकांना प्रत्येकी किमान २८ स्पोक असावेत, सामान किंवा वजन जास्त असेल तर मागे ३२.

प्रश्न : ट्यूबलेस करावं का?

ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नाही, छिद्र बुजवणारा द्रव म्हणजे सीलंट असतो. टायर ३० मिमीच्या पुढचा असेल तर करा. चिमटून होणारं पंक्चर जवळजवळ संपतं आणि हवा आणखी तीन-चार पीएसआय उतरवता येते. ३२ मिमीच्या टायरला ४० ते ५० मिलिलिटर सीलंट लागतं. ते आत वाळतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी, उष्ण हवेत त्याआधीच, तपासून भर घाला. ‘सीलंट असूनही पंक्चर झालं’ या तक्रारीत बहुतेकदा सीलंट वाळलेलं असतं. मोठा काप ते भरत नाही, त्यासाठी प्लग (छिद्रात खुपसायची रबरी पट्टी), आणि बाजू फाटली तर आतून लावायला टायरचा तुकडा व एक ट्यूब जवळ ठेवाच. काही टायर काही रिमवर इतके घट्ट बसतात की रस्त्यावर निघत नाहीत. आपला टायर हाताने आणि एका लिव्हरने निघतो का, हे घरीच करून पाहा.

प्रश्न : दुकानात चाचणी राईड मिळते ती दहा मिनिटांची. तेवढ्यात काय पाहायचं?

आपला पंप बरोबर न्या. दुकानातल्या सायकलींत हवा बहुधा काठोकाठ भरलेली असते, आणि एकीत ९०, दुसरीत ५५ असेल तर तुम्ही सायकलींची नव्हे, हवेची तुलना करत असता. टायरच्या रुंदीप्रमाणे वर दिलेली हवा भरा, सीटची उंची आपल्या मापाला लावा, आणि मगच निघा. गुळगुळीत रस्ता सोडून जवळचा सर्वांत वाईट तुकडा गाठा. तिथे हात ब्रेकच्या मुठींवर ठेवून न थांबता चालवा. खांदे कानांकडे चढतात का, कोपरं ताठ होतात का, याकडे लक्ष द्या. तसं होत असेल तर हँडल दूर किंवा खाली आहे. एका हाताने बाटली काढून परत ठेवा, पुढचं चाक भरकटायला नको. सायकल चालवताना बुटाचं टोक वळवलेल्या पुढच्या चाकाला फार घासतं का तेही बघा, छोट्या मापांत ते हमखास होतं.

परत आल्यावर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा : आखूड किंवा लांब स्टेम, आणि दुसऱ्या रुंदीची सीट, खरेदीच्या वेळी बदलून मिळेल का. स्टेमचा बदल मिळत असेल आणि दोन मापांच्या मध्ये तुम्ही असाल, तर स्टॅक-रीच पाहून बहुधा लहान माप घ्या, पण हँडलच्या उंचीसाठी रिंगा किती लावता येतात ते आधी विचारा. फोर्कच्या कार्बनच्या नळीवर ही मर्यादा बहुतेकदा ३० मिमीच्या आसपास असते, आणि नळी कापून झाल्यावर ती वाढवता येत नाही.